जुनी गाडी, नवें तेल : वाईहून हरिहरेश्वर

प्रवासवर्णन लिहिणारे लेखक बहुधा गाडी सुटल्यापासून आरंभ करितात. मला मात्र आदल्या दिवसापासून आरंभ करावा लागत आहे. कारण आमच्या प्रवासांतील महत्त्वाचा भाग गाडी जागची हलण्यापूर्वींच, वाईच्या वाड्याच्या फरसबंद अंगणांत, घोंगडीवर उताणें निजून पार पडला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, तीस-पस्तीस वर्षें शब्दरूपें व धातुरूपें शिकवून निवृत्त झालेल्या माणसावर असा प्रसंग कां यावा, अशी शंका वाचकांस येईल. तिचें निरसन करण्यासाठींच हा लेख आहे.

गेल्या कार्तिकांत वाईहून वडील बंधूंचें पत्र आलें. आमचे दादा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. वकिली सोडून पुष्कळ दिवस झाले, तरी पत्र अद्यापि अर्जासारखें लिहितात. पत्रांत मुद्दे चारच होते. हरिहरेश्वरास जाऊन सोळा वर्षें झालीं. कुलदैवताचें दर्शन एकदां घडावें अशी इच्छा आहे. गाडी घरचीच न्यावयाची. ती तूं चालवावयाची. निघण्यापूर्वीं तेल बदलावयाचें आहे आणि मला आतां गाडीखालीं शिरवत नाहीं, तरी एक दिवस अगोदर यावें.

पत्र वाचून आमचें कुटुंब म्हणालें, “बोलावणें देवाचें आहे कीं तेलाचें?” मी हंसलों, पण पत्र दोनदां वाचलें. दादांनीं मला कांहीं करावयास सांगितलें, ही गोष्ट तीस वर्षांत घडली नव्हती. आमच्यांत भांडण असें कधीं झालें नाहीं. आमच्यासारख्या घरांतून भांडणें बोलून होत नाहींत, न बोलून होतात. १९९९ सालीं आई गेल्यावर वाड्याची वांटणी झाली. ती सामोपचारानें झाली असें सर्व आप्तेष्ट म्हणतात, आणि तें खरेंहि आहे. परंतु त्यानंतर दिवाळीची पत्रें व लग्नकार्यांतील भेटी ह्यांपलीकडे व्यवहार उरला नाहीं. त्या दुराव्याचें मूळ वांटणींत नव्हतें. तें कशांत होतें, हें मला ठाऊक होतें. दादांस ठाऊक आहे कीं नाहीं, हें मात्र ठाऊक नव्हतें.

वाई हें गांव मला परकें नाहीं. लहानपणीं प्राज्ञपाठशाळेंत शास्त्रीमंडळींपुढें बसून जें थोडें संस्कृत कानांवर पडलें, त्यावरच पुढें माझा सारा संसार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रस्त्यानें जातांना आम्हीं मुलें बाजूस उभीं राहत असूं. विश्वकोशाची कचेरी, कृष्णेचे घाट, सन १७६२ मध्यें रास्त्यांनीं बांधिलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ, पाण्याच्या लोंढ्यास दुभागून टाकणारी त्याची माशाच्या आकाराची पाठभिंत, हें सर्व जेथल्या तेथें आहे. वाड्याच्या दिंडीदरवाजाच्या आंत डाव्या हातास पूर्वीं गोठा होता. तेथेंच दादांची गाडी उभी असते.

ही गाडी म्हणजे १९८४ सालची अँबॅसडर. दादांनीं ती १९८६ सालीं एका पक्षकाराकडून विकत घेतली. हल्लींच्या मुलांनीं ही गाडी चित्रपटांत पाहिली असेल. म्हणून दोन शब्द सांगतों. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड ह्या गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून हिंदुस्थान मोटर्सनें बंगालमध्यें उत्तरपाडा येथें ती १९५७ च्या सुमारास काढिली, आणि २०१४ च्या मे महिन्यांत कारखाना बंद पडेपर्यंत, वरचेवर मुखवटा बदलून, तीच गाडी निघत राहिली. मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांचें ओझें तिनें वाहिलें. आमच्या गाडीचें एंजिन जुन्या ब्रिटिश घडणीचें, १४८९ घनसेंटिमीटरांचें आहे. त्याचा क्रँक तीनच मुख्य बेअरिंगांवर फिरतो. गियरचा दांडा सुकाणूच्या चक्राखालीं असतो. एंजिन घाई करीत नाहीं, आणि केलेली घाई त्यास खपतहि नाहीं.

मी पोंचलों तेव्हां दादा अंगणांत खुर्ची टाकून बसले होते. चहा झाला आणि लगेच हुकूम झाला, “नाना, आधीं गाडी घाटापर्यंत नेऊन आण.” थंड तेल घट्ट असतें, तें सावकाश गळतें आणि तळाचा गाळ तळाशींच ठेवून जातें, एंजिन गरम असलें म्हणजे तेल पातळ होतें व गाळासकट बाहेर पडतें, हें त्याचें कारण. त्याप्रमाणें गणपतीच्या घाटापर्यंत जाऊन, देवास हात जोडून परत आलों. मग गाडी सपाट फरशीवर उभी करून मागल्या चाकांस धोंडे लाविले, हातब्रेक ओढिला, बॉनेट उघडिलें आणि तेल भरावयाचें झांकण सैल केलें, म्हणजे वरून हवा शिरून खालून तेल मोकळें वाहतें. पुतण्यानें जॅक आणून ठेविला होता. दादांनीं तो हातानेंच दूर सारला. “नुसत्या जॅकवर विश्वासून माणसानें गाडीखालीं कधीं जाऊं नये. ही गाडी उंच आहे आणि तूं बारीक आहेस.” दोन्ही विधानें खरीं होतीं. मी घोंगडी अंथरून आंत सरकलों.

एंजिनाच्या तळाशीं तेलाची कोठी असते. मेस्त्री लोक तिला चेंबर म्हणतात. तिच्या बुडाशीं एक मोठा नट असतो. त्यास रिंग पाना लावून थोडा सैल करावा, पुढें हातानें फिरवावा आणि शेवटच्या आट्यापर्यंत तो आंत दाबून धरावा. म्हणजे नेमका सुटतांना हात चट्कन बाजूस घेतां येतो. मीं हात चट्कन घेतला नाहीं. ऊन ऊन काळें तेल कोंपरापर्यंत आलें. वरून दादा म्हणाले, “पहिल्या खेपेस सर्वांचें होतें.” एवढें म्हणून ते थांबले नाहींत. “तेल पाहा. काळें आहे ना? काळें असूं दे. दुधाळ नाहीं ना?”

ह्या प्रश्नाचा अर्थ त्यांनीं नंतर समजावून दिला. तेल काळें झालें म्हणजे तें वाईट झालें असें सामान्यतः समजतात. परंतु एंजिनांतील काजळी व मळ आपल्या पोटांत धरून ठेवणें हें तेलाचें एक काम आहे, आणि तें त्यानें केल्याची ती खूण आहे. मळ धरण्याची त्याची शक्ति अमर्याद नाहीं, म्हणून तें बदलावें लागतें. तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजावें, आणि नटास किंवा तेलाला धातूचे चकचकीत कण दिसले तर बेअरिंगांची झीज चालली आहे असें समजावें. मीं नट चिंधीनें पुसून दादांच्या हातावर ठेविला. त्यांनीं तो डोळ्यांजवळ नेला, बोट फिरविलें, आणि “स्वच्छ आहे” असें म्हणून बराच वेळ हातांतच ठेविला.

तेल निथळण्यास वीस-पंचवीस मिनिटें द्यावीं लागतात. त्या अवकाशांत मीं माझी विद्या पाजळली. म्हटलें, दादा, तैल म्हणजे मूळ तिळाचें. तिळापासून निघालें तें तैल. पुढें सरसूचें, एरंडीचें, खोबऱ्याचें, सर्वांनाच तो शब्द लागूं झाला, आणि आतां भूगर्भांतल्या ह्या खनिज रसालाहि आपण तेलच म्हणतों. ह्यांत तीळ औषधालाहि नाहीं. दुसरा शब्द स्नेह. त्याचा अर्थ तेलहि आणि ममताहि. दोन वस्तु एकमेकींस घांसूं नयेत म्हणून मध्यें जें असतें तें स्नेह. दादा म्हणाले, “व्याकरण पुरे. पान्ह्यावरचा आंकडा पाहून पुढला काढ.”

पण व्याकरण यंत्रशास्त्राशीं जुळतें, हें त्यांच्याच सांगण्यावरून माझ्या ध्यानांत आलें. क्रँक हा बेअरिंगावर टेकून फिरत नाहीं. एंजिन चालू असतां पंप दाबानें तेल पाठवितो, क्रँक फिरतां फिरतां तें तेल आपल्याखालीं ओढून घेतो आणि केंसाहूनहि पातळ अशा त्या थरावर तरंगतो. पोलाद व बेअरिंगाचा मऊ धातु ह्यांची गांठ पडूं नये, एवढ्यासाठींच सारी योजना. तेलाचा दाब गेला कीं तो थर जातो, आणि मग कांहीं मिनिटांत वर्षांची झीज होते. दाब गेल्याची खूण म्हणून चालकाच्या पुढ्यांत एक लहान तांबडा दिवा असतो. तो चालत्या गाडींत लागला तर गाडी थांबवून एंजिन तत्काळ बंद करावें. ह्यास अपवाद नाहीं. हें दादा सांगत असतां मी चिंधीनें हात पुशीत होतों. ते आधींच पुसून झाले होते.

आतां फिल्टर. नव्या गाड्यांस पत्र्याचा बंद डबा असतो. तो फिरवून काढावा आणि दुसरा लावावा. ह्या एंजिनास तसें नाहीं. उजव्या अंगास एक लोखंडी वाटी असते, ती मधल्या लांब बोल्टानें वर आवळलेली असते, आणि तिच्या पोटांत घड्या घातलेल्या कागदाचें नळकांडें बसतें. बोल्ट सोडतांना खालीं पसरट भांडें धरावें, कारण वाटींतहि तेल असतें. आंतील स्प्रिंग, चकत्या व वायसर कोणत्या क्रमानें निघालें तें फडक्यावर ओळीनें मांडून ठेवावें. वाटी रॉकेलनें धुवावी. एवढें झालें म्हणजे काम झालें असें नवशिक्यास वाटतें, आणि तेथेंच तो फसतो. वाटीचा कांठ जेथें टेकतो त्या खांचेंत रबराचें एक कडें असतें. जुनें कडें बहुधा तेथेंच चिकटून राहतें, काळ्या धातूवर काळें रबर दिसत नाहीं, आणि त्यावरच नवें कडें बसविलें जातें. दोन कड्यांचा जोड प्रथम घट्ट वाटतो. पण एंजिनाचा दाब चढला कीं वरचें कडें निसटतें आणि तेल पिचकारीसारखें बाहेर पडतें.

“बोट घालून पाहा,” दादा म्हणाले. मीं खांचेंतून बोट फिरविलें. कडें होतें. दाभणानें तें अलगद उचकटून काढिलें, खांच पुसली, नव्या कड्यास तेलाचें बोट लावून तें सगळीकडे सारखें बसविलें. “पुन्हा पाहा.” पुन्हा पाहिलें. ह्या दुसऱ्या आज्ञेंत राग नव्हता. तरी मान वर करून पाहण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्याचें कारण आतां सांगावयास हवें.

१९९४ सालीं चिपळुणास आमच्या मेहुणीच्या मुलीचें लग्न होतें. मीं दादांची गाडी मागून नेली. वाटेंत एका गॅरेजांत तेल बदलून घेतलें. त्या माणसानें जुन्या कड्यावर नवें कडें चढविलें. कुंभार्ली घाटांत अंधार पडल्यावर तांबडा दिवा लागला. गाडींत बायकामाणसें, अंगावर दागिने, पहाटेचा मुहूर्त. मी थांबलों नाहीं. चार मैल तसाच गेलों. मग एंजिन ठोके देऊं लागलें आणि बंद पडलें. दुसऱ्या दिवशीं दादा मेस्त्र्यास घेऊन आले. त्यांनीं विचारलें, “दिवा लागला तेव्हां थांबलास ना?” मी म्हणालों, “लगेच.” क्रँक घांसावा लागला, बेअरिंगें बदलावीं लागलीं. खर्च त्यांनींच केला, आणि त्याविषयीं एक अक्षर बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें. त्या न बोलण्यापासून मी दूर राहूं लागलों, आणि पुढें पांच वर्षांनीं वांटणीचें निमित्त मिळाल्यावर तें दूर राहणें रीतसर झालें.

असो. चेंबरच्या नटास नवें तांब्याचें वायसर घालून तो बसविला. पुरता घट्ट, पण आटे मरतील इतका नाहीं. वाटी चढविली. मग नवें तेल ओतलें. ह्या एंजिनास दादा २०डब्ल्यू-५० जातीचें तेल वापरतात. हल्लींच्या गाड्यांचीं पाण्यासारखीं पातळ तेलें कितीहि महाग असलीं तरी ह्या जुन्या, मोकळ्या सांध्यांच्या एंजिनास मानवत नाहींत. तीं गळतात आणि दाबहि धरीत नाहींत. सुमारें चार लिटर तेल घालून एंजिन चालू केलें. तांबडा दिवा लागलेलाच राहिला. एक, दोन, तीन, चार... नवा फिल्टर भरेपर्यंत असें होतें हें मला सांगितलेलें होतें. तरी ते चार-पांच क्षण मला फार लांब वाटले. दिवा विझला. दोन मिनिटें चालवून, वाटीच्या कांठाशीं व नटाशीं कोरडी चिंधी फिरवून पाहिली. कोरडीच निघाली. एंजिन बंद करून, तेल खालीं उतरण्यास थोडा वेळ देऊन मोजकाडी पाहिली, आणि वरच्या खुणेपर्यंत येईल इतकें तेल आणखी घातलें. खुणेच्या वर घालूं नये. अधिक तेल हें औषधाच्या अधिक मात्रेसारखें अपायकारक असतें.

काढलेल्या तेलाचें काय करावें हाहि एक प्रश्न असतो. आमचे वडील असलें जळकें तेल वाळवीसाठीं वाड्याच्या तुळयांस लावीत. उरलेलें परसांत ओतीत. त्यांत विषारी द्रव्यें असतात आणि तें जमिनींतून पाण्यांत उतरतें, हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. कृष्णामाई आमच्या परसापासून हांकेच्या अंतरावर आहे. दादा तें तेल नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यांत भरून गॅरेजकडे पाठवितात. तेथून तें परवाना असलेल्या कारखान्याकडे शुद्धीकरणास जातें. हा नियम प्रत्येक गाडीवाल्या कुटुंबानें पाळावा.

हात धुऊन झाल्यावर दादांनीं एक वही पुढें केली. १९८६ पासून प्रत्येक वेळीं तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर, तेलाची जात व फिल्टर त्यांत लिहिलेलीं आहेत. दर पांच हजार किलोमीटरांस एक ओळ. गाडी कमी चालली असेल तर वर्षास एक. “आजची ओळ तूं लिही. माझा हात कांपतो.” आणि ते आंत विश्रांतीस गेले. मीं ओळ लिहिली आणि मग, वाचूं नये असें वाटत असतांहि, मागलीं पानें उलटलीं. १९९४ च्या पानावर दादांच्या वळणदार अक्षरांत होतें : “एंजिन उघडलें. बेअरिंगें नवीं. नाना म्हणतो, दिवा लागतांच थांबलों. तेलाची मुदत भरली असतां तें न बदलतां गाडी दिली, ही चूक माझी. त्यास कांहीं बोलूं नये.”

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

पहाटे दादा, वहिनी, आमचें कुटुंब व मी असे चौघे निघालों. वाई सोडतांच पसरणीचा घाट लागतो. बारा-तेरा किलोमीटरांत गाडी पांचगणीच्या टेबललँडाशीं येऊन पोंचते. मागें वळून पाहिलें कीं कृष्णेचें खोरें, धोम धरणाचें पाणी आणि त्यावर तरंगणारें धुकें दिसतें. एंजिन दुसऱ्या गियरमध्यें एकसारखें गुणगुणत होतें. पांचगणीच्या पुढें भिलार लागतें. २०१७ पासून हें पुस्तकांचें गांव झालें आहे. घराघरांतून पुस्तकें मांडिलेलीं आहेत, कोणींहि जावें, बसावें व वाचावें. वहिनींनीं तेथें स्ट्रॉबेरी घेतल्या, मीं एका ओटीवर अर्धा तास काढिला. शिक्षकाच्या मनास असें गांव पाहून जें वाटतें तें शिक्षकांसच कळेल.

क्षेत्र महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळांत आम्हीं थांबलों. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पांच नद्यांचा येथें उगम मानितात; पांचहि धारा एकत्र होऊन गोमुखांतून पडतात. पुढें मात्र त्यांचे मार्ग भिन्न. कृष्णा पूर्वेस वळून वाईवरून जाते आणि सुमारें चौदाशें किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री पश्चिमेस कड्यावरून उडी घेते आणि शंभर-सव्वाशें किलोमीटरांतच अरबी समुद्र गांठते. आमचा त्या दिवसाचा मार्ग एका बहिणीच्या कांठापासून दुसरीच्या मुखापर्यंत होता. एका घरांत जन्मून एकीनें पूर्वेस व एकीनें पश्चिमेस जावें, ह्यांत कोणाचाच दोष नसतो, असें वहिनी सहज म्हणाल्या. दादा गोमुखाकडे पाहत होते. मीहि तिकडेच पाहिलें.

महाबळेश्वरापासून पोलादपुरापर्यंत आंबेनळीचा घाट आहे. चाळीसएक किलोमीटरांत चार हजार फुटांहून अधिक उतार. वाटेंत प्रतापगड दिसतो. १६५९ च्या १० नोव्हेंबर रोजीं त्याच्या पायथ्याशीं जें घडलें तें प्रत्येक मराठी मुलास पाठ असतें. परंतु ह्या जावळीच्या दाट रानांतून, ह्या वांकणांवरून गेल्याशिवाय, महाराजांनीं तीच जागा कां निवडिली हें कळत नाहीं. मीं शाळेंत हा धडा कितीदां तरी शिकविला. तो मला त्या दिवशीं समजला.

अशा उतारावर केवळ ब्रेकवर विसंबूं नये. ज्या गियरनें चढावें त्याच गियरनें उतरावें. म्हणजे एंजिनच गाडीला आवरून धरतें. दादा माझ्या शेजारीं बसले होते. मागें बायकांचा डोळा लागला होता. माझी दृष्टि रस्त्यावर होती, आणि प्रत्येक वांकण संपलें कीं ती त्या लहानशा तांबड्या कांचेकडे जाई. ती काळीच होती.

मी म्हणालों, “दादा, कुंभार्लींत मी लगेच थांबलों नव्हतों. चार मैल तसाच गेलों होतों.”

दादा समोर पाहत होते. एक वांकण गेलें, दुसरें गेलें.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “मेस्त्र्यानें बेअरिंगें माझ्या हातावर ठेविलीं होतीं. लगेच थांबलेल्या गाडीचीं बेअरिंगें तशीं होत नाहींत.”

“मग वहींत तसें कां लिहिलें? आणि मला बोललां कां नाहीं?”

“वहींत तूं सांगितलेलें लिहिलें. माझी चूक माझी म्हणून लिहिली. तुझी तूं सांगशील म्हणून वाट पाहिली. मग वांटणी निघाली. त्या वेळीं बोललों असतों तर तें वांटणीचें बोलणें झालें असतें.” थोडें थांबून म्हणाले, “मग दिवस फार गेले. पुढें वांकण आहे, हॉर्न दे.”

मीं हॉर्न दिला. त्यावर आम्हीं दोघेंहि अधिक बोललों नाहीं, आणि बोलण्याची गरजहि राहिली नव्हती.

पोलादपुरास जेवून महाडाकडे निघालों. महाडाजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या व त्यांतील माणसें गेलीं. त्या जागीं पुढल्याच वर्षीं नवा पूल झाला. पुलावरून जातांना दादांनीं हात जोडले. जुन्या वस्तूचें आयुष्य तिची विचारपूस करणारांवर अवलंबून असतें, मग ती गाडी असो वा पूल. महाडास चवदार तळें आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकरांनीं तेथें पाणी पिऊन, माणसास माणूस म्हणून पाणी पिण्याचा अधिकार आहे हें सिद्ध केलें. आमच्यासारख्या घरांतील माणसांनीं त्या तळ्याकांठीं थोडा वेळ स्वस्थ उभें राहावें. आम्हीं तसे राहिलों.

माणगांवावरून म्हसळ्याच्या वाटेस लागलों तेव्हां उन्हें उतरलीं होतीं. तांबडी माती, कलमांच्या बागा, ओल्या वाऱ्याचा खारा वास. आणि मग एकाएकीं समुद्र. हरिहरेश्वरीं प्रथम काळभैरवाचें दर्शन घ्यावें व मग देवाचें, अशी परंपरा आहे. आम्हीं तेथें पोंचलों तेव्हां सांजवात झाली होती. देवापुढें तेलाची समई तेवत होती. दादा पुष्कळ वेळ बसले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओहोटी पाहून मी प्रदक्षिणेस गेलों. खडकाच्या दोन उभ्या भिंतींमधून पायऱ्या थेट समुद्रांत उतरतात, आणि लाटांनीं कोरून जाळीसारख्या केलेल्या शिळांवरून वाट जाते. भरतीच्या वेळीं तेथें कोणींहि जाऊं नये. समुद्र सूचना देत नाहीं. दादांस तें उतरणें शक्य नव्हतें. ते वर बसून मला दिसेनासा होईपर्यंत पाहत होते असें वहिनींनीं मागाहून सांगितलें.

दुपारीं बागमांडल्यास गेलों. तेथें सावित्रीची खाडी समुद्रास मिळते. पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. काल सकाळीं गोमुखांतून पडणारी ती करंगळीएवढी धार, आणि आज हा विस्तार. पाणी संथ होतें. दादा म्हणाले, “बॉनेट उघड.” मीं मोजकाडी ओढून, पुसून, पुन्हा घालून काढिली आणि त्यांच्या पुढें धरली. तेल वरच्या खुणेस होतें. रंग अजून मधासारखा होता.

गाडीच्या नोंदणीची मुदत पुढल्या वर्षीं संपते. पुतण्याचें म्हणणें गाडी मोडींत द्यावी असें आहे. त्याच्या दृष्टीनें तें बरोबरहि आहे. पुण्यांत तो ती कोठें उभी करणार? काय ठरेल तें मी आज सांगूं शकत नाहीं. परंतु परत वाईस आल्यावर दादांनीं वही माझ्या हातीं दिली ती परत मागितली नाहीं. पुढली ओळ आणखी पांच हजार किलोमीटरांनीं, किंवा पुढल्या कार्तिकांत, जें आधीं येईल त्या वेळीं लिहावयाची आहे. घोंगडी मीं धुऊन वाळत घातली आणि गाडीच्या मागच्या खणांत घडी करून ठेविली आहे.